बोटभर ओतायचं

साताऱ्याच्या क्लबात मी पेले धुते आणि तो ते भरतो. जतकडे मेंढरं राखलेला माणूस. आपण शेजारी उभे असलो तरी लांबून हाक मारल्यासारखा बोलतो. बाटली मात्र दोन्ही हातांनी धरतो, तान्हं बाळ धरावं तशी.

आला तेव्हा त्याने दारूची बाटली जवळून पाहिलीही नव्हती. पहिल्याच दिवशी त्याने साहेबांचे पेले काठोकाठ भरले. मॅनेजर ओरडले, "अरे, बोटभर ओत! उद्या परत असं केलंस तर जतची गाडी धर."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मोरीपाशी पाण्याने सराव करत होता. हात काही वेळेवर थांबेना. "ताई, पावण्याला रिकामा पेला कसा द्यायचा? आमच्यात लाज वाटती की!"

मी पुरुषांशी सहसा बोलत नाही. तरी म्हटलं, "पाणी समजू नका दादा, औषध समजा. दारूबंदीत सायबांना पिण्याचं परमिट डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतं न्हवं?"

संध्याकाळी मी पडद्याआडून पाहत होते. त्याने बोटभर ओतलं, बाटली सरळ केली आणि काढा पाजणाऱ्या आईसारखा दरडावून म्हणाला, "घ्या सायेब. एका दमात नगा घिऊ, बाधंल!"

सगळं टेबल खदखदून हसलं. जो तो त्याच्याच हातचं मागू लागला. तो नवी बाटली घ्यायला आत आला, तेव्हा मॅनेजरांनी क्लबच्या वाढप्यांचा पांढरा कोट त्याच्यापुढे धरला. "हा तुझा. उद्यापासून घाल."

"उद्या कशाला? आत्ताच घालतो की!"

घाईत बटणं वरखाली लागली. तो तसाच छाती काढून बाहेर गेला.