संपातलं गूळपाणी

संपाच्या वर्षी आमच्या लालबागच्या चाळीत सगळेच बाप्ये वाळले होते. त्यामुळे माझे बाबा जरा जास्तच वाळलेत, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. गिरणी बंद, घरात पेज आणि सुकट. बाबा घटाघटा तांब्याभर पाणी प्यायचे आणि दिवसभर गॅलरीच्या टोकाला संडासाकडे खेपा घालायचे. आईला वाटलं, उपासमारीचं दुखणं. मग गावाहून आलेली गुळाची ढेप तिने फक्त त्यांच्यासाठी राखली. आम्हा पोरांना खडासुद्धा नाही! सकाळ-संध्याकाळ पेलाभर गूळपाणी त्यांच्यापुढे धरायची, "घेवा, अंगात ताकद येतली."

एक दिवस बाबा जिन्यातच कोसळले. हॉस्पिटलात कळलं, डायबेटीस. पुढे पाच-सहा वर्षं रडतखडत काढली आणि गेले. तेव्हापासून आईचं एकच पालुपद, "मीच घालवलंय त्यांका. माझ्या हातान गूळ पाजलंय." समजूत घालून घालून आमची तोंडं दुखली. शेवटी मी चिडायचे, मग ती गप्प बसायची, आणि ते जास्त वाईट.

पन्नाशीत मलाही तोच आजार निघाला. परळच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पोटात स्वादुपिंड असतं, त्यातल्या काही पेशी इन्शुलिन बनवतात. काही घरांत जनुकंच अशी येतात, की या पेशी मुळात नाजूक, ताण पडला की लवकर दमतात. मी बाबांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "गुळाने भर पडली असेल. पण तहान आणि वाळणं गुळाच्या आधीचं ना? म्हणजे पेशी आधीच थकल्या होत्या."

घरी येऊन आईला सांगताना ते भर पडल्याचं वाक्य मी सरळ गिळलं. खोटारडी म्हणा हवं तर.

"रक्तातनं आलेलं होतं ते, आई. तुझ्या हाताने काही झालं नाही."

तिने तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. मग पदर तोंडाला लावून ती ढसाढसा रडली. मीही रडले. म्हटलं, सुटली बाई एकदाची!

कसली सुटते! डोळे पुसता पुसता तिने विचारलं, "रक्तातना म्हणजे आवशी-बापाशीकडना?"

"हो, आईबापांकडूनच."

"माझ्या आवशीकय अशीच तहान लागायची. पायाची जखम सुकलीच नाय तिची शेवटपर्यंत." ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुका माझ्याकडना इला?"

"अगं, गप की गो!" मी ओरडलेच. एक ओझं उतरवावं, तर हिने दुसरं उचललं. मग मात्र मला भरून आलं. तिचा हात हातात घेतला. "आलं तर आलं. नाक तुझं, जीभ तुझी, हा तापटपणाही तुझाच. ते सगळं ठेवून घेऊ आणि आजार तेवढा परत करू?"

माझं साखर तपासायचं मशीन कपाटावर होतं. तिकडे मान करून ती म्हणाली, "आण ता हय." मी आणलं. मी माझ्या बोटाला सुई लावली, तर तिने माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचं बोट पुढे केलं.

"आधी माझा टोच."