नानांची लाल पाटी

आधीच सांगते, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध हवंय का एवढंच विचारणारी बाई आहे मी. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळायलाच होतंय...

शहाण्णवचा ऑक्टोबर. आम्ही तेव्हा जपानात, त्सुकुबाला राहायचो, नवरा जंगलांवर संशोधन करायचा. सासरे, म्हणजे नाना, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. जन्मभर सूतगिरणीत टाइमकीपर. रिटायर झाल्यापासून माणूस पार कोमेजलेला. "सगळे कामावर, मी एकटाच गैरहजर," हे रोजचं.

म्हणून एका रविवारी त्यांना गाडीत घातलं आणि उत्तरेकडच्या डोंगरात एका ओस गावी नेलं. लाकूडतोड कंपनीचं गाव. शाळा, सिनेमाघर, न्हाव्याचं दुकान, सगळं कंपनीनंच बांधलेलं. पुढे बाहेरदेशातून स्वस्त लाकूड यायला लागलं, कंपनी बंद पडली आणि एकेक बिऱ्हाड उठलं. आता घरांच्या छपरांतून झाडं वर आलीत. तिथेच जन्मलेले मोरी-सान नावाचे म्हातारबुवा मात्र अजून खालच्या गावातून येऊन कंपनीचं ऑफिस झाडतात. किल्ली त्यांच्याकडेच.

ऑफिसच्या भिंतीवर कामगारांच्या नावाच्या लाकडी पाट्या. डोंगरावर जाताना आपली पाटी फिरवून लाल अक्षरं पुढे करायची, परत आलं की काळी. संध्याकाळी एक जरी लाल दिसली तरी अख्खं गाव कंदील घेऊन शोधायला निघायचं. मी मोडक्यातोडक्या जपानीतून समजून घेऊन हे सांगितलं, तर नानांचे डोळे पाणावले. "याला म्हणतात हजेरी!"

मोरी-साननी एका कोऱ्या पाटीवर दोन्हीकडे नानांचं नाव लिहिलं आणि लाल बाजू पुढे करून टांगली. नाना छाती काढून गावभर फिरले. निघताना मात्र — लोकांना जन्मभर लेटमार्क देणारा हा माणूस — स्वतःची पाटी फिरवायला विसरला!

नाना सांगलीला परतले. महिन्याभरात सासूबाईंचा फोन.

"अगं, हे रोज सकाळी पाय धरूनच उठतात. आणि गादीत भुसा! वजन उतरत चाललंय, डॉक्टरांना काही सापडत नाही."

"वास कसला येतो भुशाला?"

"तुम्ही जपानहून पाठवलेल्या त्या लाकडी डब्यासारखा."

मला ती लालच राहिलेली पाटी आठवली. मोरी-सानना फोन केला. त्यांनी जाऊन पाटी काळी केली. आठवड्यानं पाहतात तर पुन्हा लाल! दाराला कुलूप तसंच. असं तीनदा झालं.

"कंपनीनं सोडलं नसेल त्यांना," मोरी-सान अगदी गंभीरपणे म्हणाले.

शेवटी भीत भीत नानांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबरच आहे कंपनीचं. न सांगता निघून यायचं म्हणजे काय?"

फुलस्केपवर इंग्रजीत अर्ज आला. रिस्पेक्टेड सर, कारण गुडघेदुखी, खाली झोकदार सही, घाईत एवढंच पाहिलं मी. मोरी-साननी तो पाट्यांखाली चिकटवला. त्यानंतर पाटी काळी झाली ती काळीच राहिली. भुसा थांबला, नाना पुन्हा दोन वेळा नीट जेवायला लागले. मी फोनवर अक्षरशः रडले.

पाटी कोण फिरवत होतं, भुसा सांगलीत कसा पोचला... मला आजही सांगता येत नाही. नवरा एवढा संशोधक, तोही विषय बदलतो.

"सुटलात एकदाचे, नाना," मी तेव्हा म्हटलं होतं. "राजीनामा दिलात ते बरं केलंत."

"राजीनामा?" नाना उखडलेच. "रजा मागितलीय मी! या वयात परत नोकरी कोण देणार मला?"