कानाखालची गाठ

माझ्या उजव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ आली तेव्हा मी ती कोणाला दाखवली नाही. पदर थोडा पुढे ओढला की झाकायची. दुखत नव्हती, पण वाढत होती. आमच्या आचरे गावात एक बाई अशाच गाठीने वर्षभरात गेली होती. माझी दोन्ही मुलं लहान होती.

एकदा विहिरीवर पदर घसरला आणि सासूबाईंनी पाहिलं.

"ह्या कधीपासून गो?"

मी मान खाली घातली.

"वाचा पण गेली काय?"

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी कापून काढायला सांगितलं. गाठीजवळून चेहऱ्याची शीर जाते, तोंड थोडं वाकडं होऊ शकतं, असंही म्हणाले. पण देवाचा कौल घेतल्याशिवाय आमच्याकडे असलं काही होत नाही. गुरवाने पाषाणावर ओल्या कळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. डावी कळी पडली. म्हणजे नाही. मी परत जायला वळले. सासूबाई मात्र हलल्या नाहीत.

"देवान कापूकच नको म्हटल्यान, की आताच नको म्हटल्यान? तां विचार."

"काकी, देवाची उलटतपासणी करतंस?" गुरव म्हणाला.

"दसरो झाल्यार कापूया काय, विचार रे."

उजवी पडली.

दसऱ्यानंतर गाठ काढली. ती साधी की वाईट, हे मुंबईला तपासल्यावरच कळणार होतं. माझे यजमान मुंबईला नोकरीला, ते तेव्हा रजेवर आले होते. परत जाताना मुंबईच्या बोटीवर एका पिशवीत गुळाचं गोड खाजं आणि दुसरीत औषधाच्या बाटलीतली माझी गाठ घेऊन गेले. "पिशये बदलू नको रे," सासूबाई धक्क्यापर्यंत बजावत होत्या.

मधल्या दिवसांत चहा माझ्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळायचा. मी तोंडावर पदर धरूनच प्यायचे.

पुढे डॉक्टरांनी बोलावलं. गाठ साधी आहे, पसरणारी नाही, म्हणाले. गाठीचा पातळ काप लावलेली, मुंबईहून आलेली काच त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला डोळा लावायला सांगितला. आत गुलाबी वेलबुट्टी होती, लुगड्याच्या काठासारखी. ती लाळेच्या ग्रंथीची. तिच्याखाली खसखस सांडावी तसे जांभळे ठिपके दाटले होते. त्या पांढऱ्या पेशी, काचेवर रंग दिला म्हणून जांभळ्या दिसतात. रोगाशी लढणारे शरीराचे शिपाई, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी परक्या पुरुषाशी कधी आपणहून बोलले नव्हते. पण विचारल्याशिवाय राहवेना. "वाईट काही नाही, तर एवढे शिपाई कशाला जमलेत?"

डॉक्टर म्हणाले, "या जातीच्या गाठीत ते असतातच. का, ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही."

सासूबाई मागून म्हणाल्या, "जत्रेक माणसां जमतत, ती काय सगळी झगडूकच जमतत?"

डॉक्टर मोठ्याने हसले. मलाही हसू आलं. सवयीने पदर तोंडाकडे नेला, तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"पुन्हा हसा बघू," डॉक्टर म्हणाले. "उजवीकडचा ओठ उचलला जातोय."