न सुटलेली गाठ

महाराजांच्या राज्यात रंकाळ्याच्या काठावर एक फेटेवाला रोज गळ टाकून बसायचा. मासा पकडताना मी त्याला कधी पाहिलं नाही, पाहिलं ते गाठी मारतानाच. रेशमी दोऱ्याच्या टोकाला फास करून थुंकीनं ओला करायचा, दातांनी आवळायचा आणि शेजाऱ्याच्या दोऱ्याकडे बघून नाक मुरडायचा. "ही काय गाठ हाय व्हय? हिला शेळीबी न्हाय थांबायची!"

आपला देखणा फास लोकांना दिसावा म्हणून तो काठीला बांधायचाच नाही, टोकाला नुसता अडकवायचा.

एकदा बायकोला वाटण वाटायला सांगून आला आणि खरंच दांडगा मासा लागला. हिसक्यासरशी फास काठीवरून निसटला, मासा दोऱ्यासकट पसार. रिकामी काठी धरून हा माझ्याकडे वळला. "गाठ सुटली न्हाय, पावणं. बघितलंसा न्हवं?"