मासा सोडताना

उन्हाळ्यात शहरातली कुटुंबं गळ टाकायला येतात, मी त्यांना नदीवर नेतो. धरलेला मासा परत सोडायचा, हा आमचा नियम.

आज एका चिमुरडीला म्हाशीर लागला. गळ काढून तिने तो येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून दोन्ही हातांत धरला. मासा हलेना.

"काका, मेला का हो?"

"दम खातोय. धरून ठेव."

पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्या आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बाबा म्हणतात, "कॉलेजात जाऊन मासे सोडायला शिकलास होय?" शिकलो खरा.

तिचे डोळे भरून आले, एवढ्यात शेपटी हलली. तिच्या तोंडावर पाणी उडवून मासा गेला. मोकळ्या हातांकडे बघत ती हसतच राहिली. आमच्याकडे रिकाम्या हातांनी नदीवरून परतलेलं माणूस हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. आता उन्हाळाभर पाहतो.