धाकट्या जावेची गोळी

छावणीत करुणाच्या नवऱ्याचं मेडिकल होतं. दुपारी तो जेवायला गेला की काउंटर ती सांभाळायची. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी चिठ्ठीशिवाय विकावी की नाही, यावर दोघांचं नेहमी वाजायचं.

"उशीर झाला तर तिचा उपयोग काय?" नवरा म्हणायचा.

"पोरी चॉकलेटावानी खातील. चिठ्ठी पायजेच," करुणा ठणकावायची.

या बोलण्यामागं खरं तर धाकटी जाऊ तनुजा होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं अन् ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. सासू मनकर्णाबाई तिला डबा भरून द्यायची. करुणानंही या घरात आल्यावर डीएडला प्रवेश घेतला होता. लगेच दिवस गेले, सम्यक झाला, पुस्तकं माळ्यावर गेली. तिला कुणी डबा भरला नव्हता. तनुजा काळ्या कोटाला इस्त्री करायला लागली की करुणाचा जीव जळायचा.

एक दिवस भर दुपारी तनुजाच काउंटरशी आली.

"ताई, ती गोळी द्या ना. काल गडबड झाली. परीक्षा तोंडावर आलीय."

पाकीट समोरच्या खणात होतं.

"संपली," करुणा म्हणाली. "अन् चिठ्ठी लागते. वर त्यानं पुढं मूलच होत नाय."

तनुजाचं तोंड उतरलं. ती गेली. करुणाला आतून गार वाटलं, पण थोडाच वेळ.

संध्याकाळी तनुजा सरळ स्वयंपाकघरात आली.

"क्रांती चौकात डॉक्टरीणबाईला भेटून गोळी घेतली. त्या म्हणल्या, चिठ्ठी लागत नाय. मळमळ होईल, पाळी मागंपुढं होईल. पुढं मूल व्हायला अडचण नाय. नेहमीसाठी मात्र दुसरा उपाय कर म्हणल्या. तुम्ही असं का बोलल्या, ताई?"

करुणानं कणीक मळायची थांबवली. "मला कुणी दिली नव्हती."

"म्हणून माझी अडवली?"

करुणा पुन्हा कणीक मळायला लागली.

तनुजा पास झाली. पेढे वाटताना तिनं करुणाला जवळ ओढून फोटो काढला. फोटोत करुणा छान हसतेय. नंतर मात्र ती दार लावून रडत बसली, अन् सासूनं हाक मारली तेव्हा म्हणाली, "काय नाय, डोकं लई दुखतंय."