सरलाकाकींचे हिवाळी वाफे

दसरा झाला की किनाऱ्याजवळच्या गिरीज गावातल्या सरलाकाकींचं घरात मन लागत नसे. घरामागची केळी-नारळीची वाडी आधी नवऱ्याची, आणि जगन्नाथकाका गेल्यावर मुलाची, सुजयची. पण विहिरीच्या अंगाला, परकरी पोरींनी लंगडी घालावी एवढी जमिनीची पट्टी होती, ती मात्र काकींची. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी ती त्यांच्या हवाली केली होती. मुळा, लाल माठ, मेथी, नवलकोल, वांगी, कडेला वालाचा मांडव. थंडी पडली की पहिला वानोळा दोनच घरी जायचा: शेजारच्या कॅथरिनकडे, आणि माणिकपूरला दिलेल्या लेकीकडे, स्वप्नाकडे. भरलेली पिशवी घेऊन दारात उभं राहायचं आणि लेकीनं "आई, एवढं कशाला?" म्हणायचं, हे ऐकण्यासाठीच त्या दोन-दोन महिने चिखलात बसत, असं म्हटलं तरी चालेल.

स्वप्नाच्या बिल्डिंगीत पाण्याची बोंब होती. त्या वर्षांत माणिकपुरात इमारती अशा उठत होत्या, की आधी माणसं येऊ द्या, नळाचं मागाहून बघू. स्वप्ना बाळंत झाली आणि दुपटी धुवायला पाणी नाही म्हणून फोनवर रडली. काकी सुजयला म्हणाल्या, "अरे, आपली विहीर कधी आटते का? दे की बहिणीला एक टँकर."

सुजयनं मोठा पंप बसवला. एकाचे चार टँकर कधी झाले, कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. दारात स्कूटरच्या जागी गाडी आली. काकींना त्यात वावगं काही वाटलं नाही. आपल्या विहिरीचं पाणी लेकीच्या घरी जातंय, याहून मोठा वानोळा कोणता?

तिसऱ्या हिवाळ्यात मेथी उगवली आणि पिवळी पडली. मुळ्याच्या पानांच्या कडा करपल्या. काकींनी बियाणं बदललं, शेणखत घातलं, पेंड घातली. शेवटी त्यांनी ठरवलं की पाणीच कमी पडतंय, आणि सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभ्या राहू लागल्या. जितकं पाणी घालावं तितकी पानं जळत. त्या रोपांवर डाफरायच्या, सुनेवर डाफरायच्या, आणि मग एकट्याच पुटपुटायच्या, आपल्या हाताचा गुणच गेला म्हणून.

विहिरीचं पाणी चाखून बघावं, हे कुणाला सुचलं नाही. सुचणार तरी कसं? घरात नळ आल्यापासून विहीर झाडांची झाली होती. तोंडात जायचं ते नळाचंच.

नाताळच्या आधी कॅथरिन वांगी मागायला आली. तोंडात मिसरी होती. तिनं काकींच्या हातातला पाइप घेतला, चूळ भरली आणि पचकन थुंकली.

"गो सरला, पानी हाय का समुद्र?"

काकींनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खारट. वाफ्यांवर पांढरी पापडी धरली होती, ती बोटानं उचलून जिभेला लावली. मीठ. म्हणजे इतके दिवस आपण या मुक्या रोपांना तहान लागली म्हणून मीठ पाजत होतो! काकी बांधावर मटकन बसल्या आणि कॅथरिनसमोर हमसून हमसून रडल्या.

"रडून काय व्हनार?" कॅथरिन म्हणाली. "गोडं पानी उपसून नेलं का खालनं खारं चढते. आमच्या पॉलच्या विहिरीचं असंच झालेलं. दोन पावसाळे हात लावला नाय, तवा कुटं गोडी आली. तू वेळीच थांबव."

काकींनी डोळे पुसले. त्याच संध्याकाळी त्यांनी सुजयला सांगितलं, "टँकर बंद."

"तुझ्या चार मुळ्यांसाठी?"

"विहिरीसाठी. ती गेली तर तुझी केळीही जातील, मग बस गाडीत."

"आणि स्वप्नाला काय सांगायचं?"

काकींनी खुंटीवरची फाटकाची किल्ली कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "तिला मी सांगेन." आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं.

सांगायला जाण्याचं धाडस काही झालं नाही. लेकच आली, पोराला कडेवर घेऊन, तणतणत. "आई, अख्खी बिल्डिंग माझ्या नावानं खडे फोडतेय!"

"अगं, पाणी खारं झालंय. तुम्ही ते पिणार तरी कसं?"

"पितंय कोण? गेल्या उन्हाळ्यापासूनच खारं आहे. पिण्याचं आम्ही कॅननं आणतो. हे आपलं संडासाला आणि लादी पुसायला."

काकींना ऐकूनही कळेना. "गेल्या उन्हाळ्यापासून? आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुझ्याच विहिरीचं ना? मला वाटलं, तुला ठाऊक असेल. आणि..." स्वप्नाचा आवाज खाली आला. "आईनं दिलेल्याला नावं कशी ठेवायची गं?"

काकींना इतका राग आला की हात शिवशिवले. आपणच लावलेलं वळण! माहेरचं काही आलं तर तोंड वाकडं करायचं नाही. उन्हाळ्यात नुसतं बोलली असती तर तेव्हाच उपसा थांबवला असता, एक पावसाळा हाती लागला असता.

"बंद नको करू, आई," स्वप्ना म्हणाली. "घरात लहान मूल आहे. तेवढ्याला तरी लागतंच."

बाहेर हॉर्न वाजला. सुजयनं परस्पर ड्रायव्हरला बोलावलं होतं. काकींनी लेकीकडे पाहिलं, तिच्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं, आणि कमरेची किल्ली काढून स्वतःच फाटक उघडलं. आत आलेला टँकर वाफे चुकवायला नेहमीसारखा मागे-पुढे होऊ लागला.

"सरळ घे," काकी म्हणाल्या. "वाफ्यांवरनं घे. आता नाही तिथं काही."